घाबरलेल्याला खरे सांगावे का?

घाटकोपरचे राजावाडी असो की जुहूचे कूपर, ओपीडीत केसपेपर टेबलावर पडला की रुग्णाआधी बहुधा नातेवाईकच बोलू लागतात. आजार गंभीर निघाला तर डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतात, ‘त्यांना कळू देऊ नका, हाय खातील.’ यामागे माया असते, यात शंका नाही. पण ही करुणा म्हणायची का? मला तसे वाटत नाही. ज्याच्या भीतीचे कारण पुढे केले जाते, त्याला नेमके कशाचे भय वाटते हे कोणी विचारलेलेच नसते.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, हातातले धनुष्य गळते. त्या अख्ख्या अध्यायात कृष्णाच्या तोंडी एकच वाक्य आहे; बाकी तो ऐकून घेतो. (1984 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध पाहणीत डॉक्टर रुग्णाचे बोलणे सरासरी 18 सेकंदांत तोडताना आढळले होते.) ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात तर हाच अर्जुन रुग्णाच्या भूमिकेतून तक्रार करतो: पथ्य सांगणाऱ्या वैद्यानेच विष दिले तर रोग्याने जगावे कसे? पुढे तो म्हणतो, गूढ बोलू नका, मला कळेल असे सांगा. औषध रोग जिंकणारे असावे, पण गोडही असावे. भ्यालेला माणूस इथे सत्य नाकारत नाही, आपल्याला पेलेल अशा बोलीत ते मागतो आहे. घाबरला म्हणजे समजण्याची ताकद गेली, हे आपण परस्पर ठरवून टाकतो.

यावर चरकाचा दाखला दिला जातो. आयुष्य सरत आल्याचे कळले तरी वैद्याने ते बोलू नये, असे चरकसंहितेत आहेच. पण त्याला अट आहे: सांगितल्याने रुग्णाला किंवा इतरांना आघात होणार असेल तिथे. आघात होईल की नाही हे रुग्णाशी बोलल्यावाचून कळणार कसे? म्हणजे हा आधारही शेवटी आधी विचारा, असेच सांगतो. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खोटा नाही. रांग दारापर्यंत असते. तरी ‘तुम्हाला काय वाटतंय, किती सांगू?’ एवढे विचारायला मिनिटही लागत नाही, आणि न विचारल्यामुळे वाढलेली धास्ती पुढच्या प्रत्येक खेपेला वेळ खाते. कायद्यापुरते बोलायचे तर समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केले, की सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिच्या आईची संमती पुरत नाही.

काहींना खरोखरच काही जाणून घ्यायचे नसते. ‘मला नको, मुलाला सांगा’ असे रुग्ण स्वतः म्हणाला तर तो त्याचा अधिकार आहे आणि तो मोडू नये. मुलाने ते परस्पर ठरवले तर मात्र, हेतू कितीही चांगला असो, ती फसवणूकच.