पाऊस थांबव, असे देवाला म्हणावे काय?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची, दिवस ऐन पावसाचे. दिवेघाटात सरीवर सर येते, धोतर-लुगडे पायांना चिकटते, रात्री तळावर राहुटीत पाणी शिरते. अशा वेळी, “विठ्ठला, जरा थांबव रे बाबा हा पाऊस,” असे तोंडून सहज निघून जाते. सज्जनहो, हे मागणे योग्य की अयोग्य, याचा थोडा विचार करू.

आम्ही मीरा-भाईंदरकडची माणसे. एकच पाऊस निरनिराळ्या घरी कसा निरनिराळा होतो, हे आम्हांस गावातच पाहावयास मिळाले. भाईंदरचे नाव मिठागरांमुळे झाले. मीठ पिकते ते उन्हावर. अवेळी सर आली की मिठागरात झालेले मीठ विरघळून जाते. उत्तनच्या कोळणींनी वाळत घातलेले बोंबीलही अशाच एका सरीने नासतात. पण राई, मुर्धे, मोर्वे या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या भात लावला. तिथे रोहिणी-मृग कोरडे गेले की चुलीपाशी बसलेल्या म्हातारीचा जीव खालीवर होई. आता सांगा, देवाने कोणाचे ऐकावे?

वारीतही तेच आहे. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यात तो साडेपाचशेच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. आपण नोकरीवरून रजा काढून आळंदी गाठतो. शेजारी चालणारा पेरणी उरकून किंवा घरच्यांवर टाकून आलेला असतो. आपण म्हणतो, “बुवा, उघडीप कधी मिळायची?” तो म्हणतो, “पडू द्या की माउली, बी मातीत हाय.” दोघांच्या मुखी विठ्ठलच. पण एकाचे मागणे अंगावरच्या कपड्यापुरते आणि दुसऱ्याचे वर्षाच्या भाकरीचे. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

कोणी म्हणेल, लेकराने मायबापाजवळ मागू नये तर कोणाजवळ मागावे? खरे आहे. मागावे. परंतु एका ताटात जेवणाऱ्या भावंडाचा घास काढून मला दे, असे शहाणे लेकरू मागत नाही. आमच्या मते मागण्याची कसोटी हीच. जे मिळाल्याने दुसऱ्याचे काही जात नाही, ते बेलाशक मागावे. चालण्याचे बळ मागावे, चिखलात पाय घट्ट राहो म्हणावे, मन चिडू नये म्हणावे. उन्हाने तळमळणाऱ्या शेतावर पडणारा पाऊस मात्र आपल्या सोयीसाठी अडवू नये.

मग पाऊस कितीही पडला तरी हात जोडून गप्प बसावे काय? तसेही नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. माणसे वाहून गेली, घरे बुडाली. तसा पाऊस शेतकऱ्यालाही नको असतो. तिथे दयेची याचना करण्यात स्वार्थ कसला?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण स्वतः भिजलो आणि कुरकुर केली नाही, तर ते तप झाले. पण तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या माउलीला, “सोसा, विठूची इच्छा,” म्हणून पुढे चालू लागलो, तर ते तप नव्हे, निष्ठुरपणा झाला. सोसणे हे स्वतःसाठी असते. दुसऱ्यासाठी असते ते धावणे. तिला गाडीत बसवावे, डॉक्टरांपर्यंत न्यावे. दोन मुक्काम वाहनाने गेल्याने तिची वारी मोडत नाही.

सर आली की दिंडीत काय घडते ते पाहा. आधी पखवाज झाकला जातो, मग डोईवरचे वृंदावन सावरले जाते आणि मग ज्याला त्याला आपले डोके आठवते. हा क्रम वारीने कोणाला ग्रंथातून शिकवला नाही, चालता चालता अंगी बाणवला. त्यात एवढेच वाढवावे की, पखवाजानंतर शेजारच्याचे डोके आठवावे, मग आपले. प्लास्टिकचा कागद एकाचा असला तरी त्याखाली दोघे मावतात.

पाऊस पाडणे वा थांबवणे आपल्या हाती नाही. कागदाचे टोक मात्र आपल्या हाती आहे. ते शेजाऱ्याच्या डोक्यावर धरले, तर देवाकडे पावसाची तक्रार न्यावी असे फारसे उरतच नाही.

राम कृष्ण हरी.