उलट्या मनीऑर्डरीचा हिशेब

कसाल,
मृगाचा दुसरा दिवस

चि. बाय हिस,


तुझा मेसेज पोचला. बी.ए.ला इतिहास घेतलास, आता जोडीला अर्थशास्त्र आणि त्यात आर्थिक इतिहासाचा पेपर घ्यावा की नको, असं विचारतेस. मैत्रिणी म्हणतात आलेख डोक्यावरून जातात, आणि तुझे बाबा म्हणतात, त्याचा उपयोग काय. एवढ्या प्रश्नांना नुसता अंगठा दाखवून भागणार नाही, म्हणून पत्र लिहितोय.

घे. पण कशासाठी ते ऐकून घे.

मी पोस्टमन म्हणून चिकटलो तेव्हा पिशवीत पत्रं थोडी आणि मनीऑर्डरीच जास्त असायच्या, परळ, लालबाग, वरळीहून आलेल्या. फॉर्मच्या टोकाला मजकुरापुरती एक पट्टी असायची. ती वाचून दाखवायचं कामही माझंच. 'पन्नास रुपये धाडतंय. वीस वाण्याक दी, उरलेले लावणीक ठेव. माझो खोकलो कमी आसा.' बाई अंगठा उठवायची, बोटाची शाई खळ्याच्या पेळेला पुसायची आणि नोटा दोनदा मोजायची. मी पट्टी फाडून तिच्या हातात द्यायचो. खोकल्याचं वाक्य ती पुन्हा एकदा वाचायला लावायची.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. शिमग्यापर्यंत माझी पिशवी हलकी झाली. चतुर्थीला माणसं आली ती दरवर्षीसारखीच, पण गणपती पाण्यात गेले तरी बरीचशी परत गेली नाहीत. त्या घरांतल्या चुली कशावर पेटत होत्या? बायकांनी लावलेल्या भातावर, परड्यातल्या भाजीवर, कुणाच्या तरी कोंबड्यांवर. तोवर मीही सगळ्यांसारखाच म्हणायचो की आपला जिल्हा मनीऑर्डरीवर जगतो. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा वाटलं, की नक्की कोण कोणाला पोसत होतं?

बाय, आर्थिक इतिहास म्हणजे हा प्रश्न नीट विचारायला शिकणं.

राजनारायण चंदावरकरांचं मुंबईच्या कामगारांवरचं इंग्रजी पुस्तक 1994 साली आलं. गिरणीकामगार गाव सोडत नाही हे मागासपणाचं लक्षण, असं पूर्वी मानत. चंदावरकरांनी दाखवलं की शहरातली नोकरी बेभरवशाची होती आणि गाव हाच कामगाराचा विमा होता. आता त्यापुढचा हिशेब तू मांड. मुलगा वाढवला गावाने, आजारी पडल्यावर सांभाळला गावाने, म्हातारपणी परत घेतला तोही गावानेच. म्हणजे गिरणीने ज्याचे पैसे कधीच दिले नाहीत, ते कसालसारख्या गावांनी भरलं. ही उलटी मनीऑर्डर होती. तिला फॉर्म नव्हता, पावती नव्हती, म्हणून ती कुठल्या वहीत सापडत नाही.

मग लोक गेलेच कशाला? इथे नुसतं अर्थशास्त्र पुरत नाही आणि नुसता इतिहासही पुरत नाही. मजुरीचा दर बघशील तर मुंबईची ओढ कळेल. पण जमिनीतलं पीक घरात किती उरत होतं, हे कळायला खोती, म्हणजे खोतामार्फत कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत, वाचावी लागेल. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. चलन आणि कुळाचा दाणा हे दोन्ही एकाच माणसाच्या अभ्यासाचे विषय होते. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्यानंतर. हे सगळं एका रांगेत लावून बघितलंस, की 'कोकणी माणूस आळशी' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते तुझं तुलाच सुचेल.

आता कामाच्या चार गोष्टी.

आलेखांना भिऊ नकोस. भाताचा भाव चढला की कोणाच्या घरात आनंद आणि कोणाच्या घरात उपास, हे तुला ठाऊक आहे. आलेख तेच एका रेघेत सांगतो.

जुनी रक्कम दिसली की लगेच 'किती स्वस्ताई होती' म्हणू नकोस. त्या पैशांत त्या साली किती पायली तांदूळ यायचा ते आधी काढ. त्यासाठी पायली, मण, खंडी आणि आणे-पै यांचं कोष्टक पाठ हवं. 1 एप्रिल 1957 ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिही. त्या दिवशी देशात नवे पैसे आले, आणि त्याच दिवशी आपल्याकडच्या कूळ कायद्याने कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. सातबारा काढून बघ, कुळात कोणाची नावं आहेत, आणि लावणी करणाऱ्या किती बायकांची नाहीत.

रत्नागिरी आणि सावंतवाडीचं 1880 चं गॅझेटियर जरूर वाच. पीकपाणी, बंदरं, मजुरी, सगळं आहे त्यात. मात्र लिहिणारा सरकारी माणूस आहे, त्याची नजर सारा वसुलीवर आहे, हे विसरू नकोस. मोडी शिक, जुने खतपत्रांचे कागद त्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

आणि एक सावधगिरी. आपल्या गावावरून सगळ्या देशाचा निकाल लावू नकोस. हेमलता दांडेकरांनी साताऱ्याकडच्या सुगावचा असाच अभ्यास केलाय, पुरुष मुंबईला आणि बायका गावात. तो समोर ठेव, काय जुळतं आणि काय जुळत नाही ते बघ.

बाबांना सांग, स्पर्धा परीक्षेला इतिहासही लागतो आणि अर्थव्यवस्थाही. तेवढ्याने त्यांचं समाधान होईल. तू मात्र तेवढ्यावर थांबू नकोस. हायवे रुंद झाला, मालवणच्या फाट्यावरून आता आठवडाअखेर पर्यटकांच्या गाड्या वळतात, आणि आपली पोरं पुण्या-गोव्याला जातात. पैसे क्षणात फोनवर येतात, सोबत खोकल्याचं वाक्य नसतं. उलटी मनीऑर्डर मात्र चालूच आहे.

सुट्टीत ये. तुझ्या आजीच्या बिस्किटाच्या डब्यात तिला आलेल्या तशाच पट्ट्या आहेत, सुतळीने बांधलेल्या. साल बघून लाव. मग प्रत्येक पट्टीसमोर आजीला विचार, त्या महिन्यात मुंबईला तिने काय धाडलं होतं. ती सांगेल, 'काय नाय गो, थोडे उकडे तांदूळ आणि सोलां.' ते लिहून घे. तुझ्या अभ्यासाचं पहिलं पान तिथून सुरू होईल.

तुझा,
मामा