मोडलेला पाय आणि उरलेले तीन

घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालतात, हे शर्यतीचे मैदान कधी न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असते. यामागे फक्त माणसाचा निर्दयपणा असता, तर लाखो रुपये ओतणाऱ्या मालकांनी हा रिवाज केव्हाच मोडीत काढला असता. खरी अडचण घोड्याच्या देहातच आहे.

साडेचारशे-पाचशे किलोंचे धूड चार बारीक पायांवर तोललेले असते. गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच. हाड, कंडरा आणि वर ताणलेली कातडी. हाड तुटले की त्याचे टोक सहज कातडी फाडते, आणि तिथला रक्तपुरवठा मुळातच बेताचा असल्याने जखम चिघळायला वेळ लागत नाही. भरधाव धावताना एखाद्या क्षणी अंगच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार एकाच पायावर येतो. माणसाला प्लास्टर घालून महिनाभर खाटेवर निजवता येते. घोडा दिवसचे दिवस आडवा राहिला, तर स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू निकामी होतात आणि फुप्फुसे दबतात. त्याने उभ्याउभ्याच बरे व्हावे लागते.

ही अट किती कठीण आहे, हे ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर दिसले. त्या दिवसापर्यंत एकदाही न हरलेली रफियन ही घोडी फुलिश प्लेझर या घोड्याविरुद्धच्या दुहेरी शर्यतीत उजवा पुढचा पाय मोडून कोसळली. शस्त्रक्रिया झाली. पण भूल उतरताच ती पडल्यापडल्या असे पाय झाडू लागली, की जणू शर्यत अजून चालूच आहे. त्यात प्लास्टर फुटले, नवी इजा झाली आणि तिला दयामरण द्यावे लागले. पळणे हाच ज्या प्राण्याचा बचाव, तो शुद्धीवर येताच पळायलाच बघणार. त्यामुळे भूल कशी उतरवायची हा स्वतंत्र शास्त्राचा विषय झाला. आता काही ठिकाणी झोळीत बांधलेला घोडा क्रेनने उचलून पाण्याच्या हौदातल्या रबरी तराफ्यात सोडतात. पाय पाण्यात लोंबकळतात, कितीही झाडले तरी आपटत नाहीत. पुरता जागा झाला की त्याला उचलून तबेल्यात आणतात.

२००६ मध्ये बार्बारो हा घोडा अशाच हौदात जागा झाला. केंटकी डर्बी साडेसहा लांबींनी जिंकल्यावर दोनच आठवड्यांनी, २० मे रोजी, बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. खुराच्या वरच्या हाडाचे वीसहून अधिक तुकडे झाले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात डॉ. डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी आणि २७ स्क्रू वापरून ते जुळवले. हाडाने साथ दिली. जुलैत घात केला तो धडधाकट डाव्या मागच्या पायाने. खुराची भिंत आतल्या हाडाला नाजूक पापुद्र्यांनी धरून ठेवते आणि त्या पापुद्र्यांना रक्त मिळते ते पाय टेकण्या-उचलण्याच्या हालचालीतून. दुखऱ्या पायाचा भार वाहत तो पाय सतत रोवलेला राहिला, आणि भिंत सुटू लागली. या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. डॉक्टरांना त्या खुराचा बहुतेक भाग कापून काढावा लागला. पुढे दोन्ही पुढच्या पायांतही तोच आजार शिरला आणि २९ जानेवारी २००७ रोजी आठ महिन्यांची झुंज संपली.

सगळ्याच कहाण्या अशा संपत नाहीत. हाडाला सरळ चीर गेली असेल, तर दोन्ही भाग आवळून धरणारे दोन-तीन स्क्रू पुरतात आणि घोडा पुन्हा धावूही शकतो. पर्सनल एन्साइन या घोडीचा मागचा पाय १९८६ मध्ये मोडला. स्क्रू घातल्यावर ती पुढच्या वर्षी परतली आणि १९८८ मध्ये तेरापैकी तेरा शर्यती जिंकून निवृत्त झाली. एप्सम डर्बीचा विजेता मिल रीफ १९७२ मध्ये सरावात पाय मोडून बसला. तो पुन्हा धावला नाही, पण शर्ली हाइट्स आणि रेफरन्स पॉइंट हे त्याचे दोन मुलगे डर्बी जिंकले.

इथेच एक अप्रिय हिशेब समोर येतो. ज्याच्या वंशाला किंमत, त्याच्या पायावर खर्च. खच्ची केलेल्या, खालच्या वर्गात धावणाऱ्या घोड्याला तीच चीर गेली, तर त्याच्यासाठी क्रेन आणि हौद कोण मागवणार? शल्यचिकित्सेची प्रगती खरी, पण ती कोणाच्या वाट्याला येणार हे बहुधा मालकाची वही ठरवते.

माझा आक्षेप मात्र याहून आधीच्या टप्प्यावर आहे. शस्त्रक्रियेच्या कौतुकात आपण पाय मोडणे हा अपघात मानून मोकळे होतो. पुष्कळदा तो अपघात नसतो. वेगाच्या सरावाने हाडात सूक्ष्म भेगा पडतात. शरीर त्या बुजवते. मात्र आधी खराब हाड पोखरून काढते आणि मग नवे भरते. या मधल्या काळात हाड कच्चे असते. घोडा बाहेरून तुकतुकीत दिसतो, लंगडतही नाही, आणि नेमका तेव्हाच मैदानात उतरवला जातो. मोडण्याची तयारी आठवडे-महिने आधीच झालेली असते.

ती हेरता येते, हे आता सिद्ध झाले आहे. २०१९ मध्ये सांता अनिता मैदानावर घोडे दगावण्याची रांग लागल्यावर कॅलिफोर्नियात उभ्या घोड्याच्या पायाचे पेट स्कॅन सुरू झाले. भूल न देता हाडातली धग त्यात दिसते. अमेरिकेत २००९ मध्ये दर हजार धावांमागे दोन घोडे मरत. २०२२ पर्यंत हे प्रमाण १.२५ वर आले. ही घट शस्त्रक्रियेच्या टेबलावर झालेली नाही. ती झाली आहे मैदानांची निगा, औषधांवरचे निर्बंध, शर्यतीआधीची तपासणी आणि मुख्य म्हणजे संशय आला की घोडा मागे घेण्याची तयारी यांमुळे.

आपल्याकडे हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला शर्यती रंगतात. रेसबुकात घोड्याचे आई-बाप, वजन, जॉकी, मागची कामगिरी सगळे छापलेले असते आणि शौकीन त्याचा कीस पाडतात. त्याच पानावर घोड्याला शेवटची सलग विश्रांती कधी मिळाली आणि पायांची तपासणी केव्हा झाली, हेही छापायला हवे. पैसे लावणारा माणूस स्वार्थासाठी का होईना, ते रकाने वाचेल. आणि ज्या रकान्यावर बाजार लक्ष ठेवतो, तो रिकामा ठेवणे कोणत्याही ट्रेनरला फार काळ परवडत नाही.