बिघाड की निर्णय?

फोनचं नवं अपडेट रात्री आपोआप बसतं आणि सकाळी कामाला निघाल्यावर कळतं की ऐकायचे पॉडकास्टचे भाग डाउनलोडच झालेले नाहीत. यादीत नावं दिसतात, पण गाडी बोगद्यात शिरली आणि नेटवर्क गेलं की आवाज नाही. तुम्हीही हे अनुभवलं असेल. अशा वेळी आपण पटकन म्हणतो, "काहीतरी बिघडलंय." या वाक्यातच एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

आधी दुरुस्तीचं पाहू. एकच भाग उतरत नसेल तर बहुधा ती फाइल मूळ सर्व्हरवरून हलली किंवा काढली गेली असते. एकाच कार्यक्रमाचे सगळे भाग अडत असतील तर त्या कार्यक्रमाच्या फीडचा पत्ता बदलला असण्याची शक्यता असते. सगळेच कार्यक्रम अडले असतील तर आपल्या फोनकडे वळावं: जागा शिल्लक आहे का, डाउनलोड फक्त वायफायवरच होईल असं ठरवलेलं आहे का, लो पॉवर मोड चालू राहिला आहे का, आपोआप डाउनलोडची खूण निघाली आहे का. ॲप काढून पुन्हा टाकणं हा अगदी शेवटचा उपाय, कारण ॲपबरोबर आधी उतरवलेले भागही जातात.

पण कधी कधी हे सगळं तपासूनही काहीच बिघडलेलं सापडत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस १७ आलं, तेव्हा ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये आपोआप डाउनलोडची रीत बदलली. पूर्वी एखादा कार्यक्रम काही काळ ऐकला नाही आणि मग पुन्हा सुरू केला, की मधले राहिलेले भागही आपसूक उतरायचे. आता ते उतरेनात. अनेक कार्यक्रमांच्या डाउनलोडचे आकडेही त्यानंतर खाली आले. ॲप ठरवल्याप्रमाणेच चाललं होतं. फक्त ते आपण ठरवलेलं नव्हतं.

बिघाड आणि निर्णय यांत मोठा फरक आहे. बिघाडाला दुरुस्ती लागते, निर्णयाला जाब देणारा माणूस लागतो. आपण निर्णयालाच बिघाड समजलो, की तासभर सेटिंगांशी झटापट करतो आणि शेवटी "मला हे तंत्र जमत नाही" असं म्हणून दोष स्वतःकडे घेतो. ज्यानं ठरवलं तो मात्र चित्रात येतच नाही.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. कधीच न ऐकले जाणारे भाग फोन भरून टाकतात, डेटा खातात. ते थांबवलं तर बहुतेकांचं भलंच होतं. शिवाय प्रत्येक बारीक गोष्ट विचारायची म्हटली तर आपण न वाचताच "मान्य" दाबत सुटू. तशा संमतीला काय किंमत? म्हणजे प्रत्येक वेळी विचारलंच पाहिजे, हा आग्रह टिकत नाही. पण न विचारता बदल करणाऱ्यावर दोन गोष्टी तरी बंधनकारक राहतात: काय बदललं ते समजेल अशा भाषेत सांगणं, आणि परतीची वाट उघडी ठेवणं. "काही सुधारणा केल्या आहेत" एवढ्या ओळीनं पहिली गोष्ट होत नाही.

इथवर आपण एकमताचे असू. आता आपल्याकडे वळू या. परदेशात राहणारे आपण पुण्या-नाशिकच्या आईबाबांच्या फोनचे दूरस्थ मेकॅनिक असतो. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन बघत "हे बंद करा, ते काढून टाका, अपडेट करूच नका" असं सांगतो. सुट्टीत गेलो की फोन हातात घेऊन परस्पर सगळं 'नीट' करून टाकतो. हेतू चांगला असतो, घाई खरी असते. आपण परत विमानात बसतो आणि चार दिवसांनी बाबांचं सकाळचं कीर्तन फोनवर उतरायचं थांबतं. ते विचारत नाहीत. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असते, आणि आपल्याच हातून काही चुकलं असेल असं त्यांना वाटतं. कंपनीनं आपल्याशी जे केलं, त्याहून हे वेगळं कसं?

फरक एकच असू शकतो, आणि तो आपल्या हातात आहे. कंपनीला कोट्यवधी लोकांना एकेक करून विचारता येत नाही. आपल्याला दोनच माणसांना विचारायचं असतं. "जागा भरलीय, जुने भाग काढू का? त्यातले काही ठेवायचेत का?" एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. काय बदललं ते मोठ्या अक्षरांत मराठीत कागदावर लिहून फोनजवळ ठेवायला आणखी पाच.

भलं करण्याचा अधिकार प्रेमातून मिळतो, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, प्रेमातून मिळते ती फक्त जबाबदारी; अधिकार समोरच्यानं द्यायचा असतो. पुढच्या कॉलवर आईबाबांचा फोन दुरुस्त करण्याआधी, ते सध्या काय ऐकतात एवढं विचारून पाहा.