डब्यावर नाव कोणाचं

आपल्या घरांतल्या स्टीलच्या डब्यांवर बरंच काही कोरलेलं असतं. देणाऱ्याचं नाव, लग्नाची नाहीतर मुंजीची तारीख, ‘सप्रेम भेट’. आत काय आहे, एवढं मात्र त्यावर नसतं. ते घरातल्या एकाच बाईच्या ध्यानात असतं.

लहान स्वयंपाकघर लावायचं म्हटलं की बोलणं लगेच एकसारख्या बरण्या आणि वाढीव फळ्यांवर येतं. मला त्याआधी विचारावंसं वाटतं, ही मांडणी कळणार कोणाला? तूरडाळ आणि हरभराडाळ, मैदा आणि तांदळाची पिठी नुसत्या नजरेनं ओळखणं रोज हात घालणारीलाच जमतं. बाकीचे दर वेळी विचारतात, ‘जिरं कुठंय?’ मग सांगत बसण्यापेक्षा आपणच केलेलं बरं, असं तिला वाटतं आणि वर्षानुवर्षं स्वयंपाक तिच्याकडेच राहतो. इतरांना येत नाही म्हणून नव्हे, इतरांना सापडत नाही म्हणून.

वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम ६.५ चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. ते सुमारे १०,००० घरांत बसवलं गेलं. त्यात ॲल्युमिनियमचे ओढायचे खण होते आणि खणावर जिन्नसाचं नाव. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्यातल्या टॅनिनमुळे पिठातल्या अळ्या दूर राहतात. इतका बारीक विचार करूनही खोली एकीनंच उभं राहावं एवढी. नावं होती, पण ती वाचायला दुसरं माणूस आत मावत नव्हतं. मुंबई-पुण्याच्या वन बीएचकेतल्या ओट्यापाशी दोघं अशीच अडतात. म्हणून चहा-साखर, पोहे, कुरमुरे दाराजवळच्या खालच्या फळीवर हवेत, मुलांच्या आणि आजोबांच्या हाताला येतील असे.

जागा कमी पडते ती पुष्कळदा जुन्या बेगमीमुळे. धान्य सुगीला एकदाच यायचं, पावसाळ्यात वाटा बंद व्हायच्या, तेव्हा वर्षाचं भरणं शहाणपणाचं होतं. डाळीला एरंडेल चोळणं, गव्हात कडुनिंबाचा पाला घालणं त्यातूनच आलं. आता इमारतीखाली वाणी असताना महिन्याचं पुरे. डब्यांची मागे दुसरी रांग लागली की तिथलं विसरलं जातं, आणि विसरलेल्या धान्यातच सोंडे वाढतात. त्यांची मादी दाण्याच्या आत अंडी घालते. उबदार, दमट हवेत महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. त्यामुळे जुन्यावर नवं ओतायचं नाही. दाण्याचं कूट तर लवकर खवट होतं, ते थोडंथोडंच करावं.

डब्यांवर चिठ्ठ्या लावायला घरातली मोठी बाई अनेकदा नाखूश असते. मला तिचं म्हणणं कळतं. कोठीच्या किल्ल्या कमरेला असणं, हीच कितीतरी बायकांची घरातली एकमेव सत्ता होती; ती माहिती वाटून टाका म्हणणं ही किरकोळ मागणी नाही. तेव्हा चिठ्ठ्या तिच्याच हातच्या, तिच्याच भाषेत असाव्यात: ‘लाडवाचा रवा’, ‘उपासाचं तिखट’, ‘इडलीचे तांदूळ’. आणि खाली, भरल्याचा महिना.