दुसऱ्याच्या वहीतले आपले नाव

आपल्याविषयीची नोंद दुसऱ्याच्या वहीत असेल तर तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याने दीडशे वर्षांपूर्वी धसास लावला. 12 मे 1875 रोजी भोवतालच्या गावांतले शेतकरी सुप्यात जमले, सावकारांकडे त्यांनी चोपड्या आणि कर्जखते मागितली आणि हाती लागली ती जाळली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरेही पेटली. पण रोख कागदांवरच होता. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने खताचे आयुष्य तीन वर्षांवर आले, म्हणून मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेई. खाली सहीऐवजी कुणब्याची निशाणी नांगर. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे आणि भरलेल्या पैशाची पावती बहुधा मिळत नसे.

आज अशी वही माहितीच्या दलालांकडे असते. मोबाइल क्रमांक, पत्ता, वय, खरेदीच्या सवयी ठिकठिकाणांहून गोळा करून ते विकतात. सावकार निदान ओळखीचा असे. दलालाचे नावही ठाऊक नसते. 1909 या दूरध्वनी क्रमांकावर नोंदणी केल्याने जाहिरातीचे फोन कमी होतात, दलालाच्या यादीतला आपला क्रमांक मात्र तसाच राहतो.

यात दोष नेमका कोणता? पतंजलीने यमांमध्ये, म्हणजे संयमाच्या नियमांमध्ये, अस्तेय (चोरी न करणे) आणि अपरिग्रह (साठा न करणे) वेगळे सांगितले आहेत. चोरीत धन्याची वस्तू जाते. माहिती घेतली तरी ती मूळ माणसाकडे उरतेच. त्यामुळे अस्तेयाच्या मापाने दलाल सुटू शकतो. अपरिग्रहाच्या मापाने सुटत नाही, कारण गरज सरल्यावरही साठवणे हाच परिग्रह. नोंद व्यवहाराची साक्षही असते आणि खरे देणे बुडवण्यासाठी ती जाळणे अन्यायच. पण काम संपल्यावर ठेवलेली नोंद साक्ष राहत नाही, ती माणसावरची पकड होते.

ही पकड धनकोने आपणहून सोडल्याचे उदाहरण देहूचे. तुकारामांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी भाऊ कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पुढे गाथा पाण्यावर तरली असे मानतात. खते तरल्याचे कोणी सांगत नाही.

सगळेच वही ठेवणारे तुकाराम नसतात, म्हणून कायदा लागतो. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला खतामागचा हिशेब तपासायला लावले आणि कुळाला पावतीचा हक्क दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेतल्यावर किंवा काम संपल्यावर माहिती पुसणे हे ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे. अन्य कायद्याने ती ठेवणे भाग असेल तेवढा अपवाद. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. माणसाने स्वतः जाहीर केलेली माहिती मात्र कायद्याबाहेर आहे. शिवाय पुसून मागायचे तर वही कोणाकडे आहे हे आधी कळले पाहिजे. कॅलिफोर्नियात दलालांना सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि 2023 च्या तिथल्या कायद्याने एकाच अर्जात त्या सर्वांकडची माहिती पुसून मागण्याची सोय केली. भारतातही दलालांची नोंदणी सक्तीची झाली पाहिजे.