राग आणि रंग

गीतेचे नित्य वाचन करणाऱ्या गृहस्थावर कुरुक्षेत्रात उभे राहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. त्याच्यापुढे येतात ते लहान प्रश्न, आणि ते रोज येतात. दुकानदाराने माप कमी दिले, कारागिराने काम कच्चे केले, विकणाऱ्याने वस्तूतील उणीव लपवली. अशा वेळी बोलावे की सोडून द्यावे? बोलावे, तर वस्तूवरील आसक्ती उघडी पडली असे वाटते. सोडून द्यावे, तर असत्याला आपण मूक संमती दिली असे वाटते. हा प्रश्न मला एका नव्या मोटारीच्या दारावर भेटला. प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्यातून जे शिकावे लागले ते क्षुल्लक नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा भाग आहे. एकेकाळचे हे गाव आज व्हाइटफील्ड रस्त्यावरील उंच इमारतींनी आणि संगणक कंपन्यांच्या कचेऱ्यांनी वेढले गेले आहे. माझा भाचा तेथे नोकरीस असतो, आणि अनुवादाचे काम कोठेही बसून करता येत असल्यामुळे वृद्ध आईसह मीही तेथेच राहतो. आईला इस्पितळात नेण्याआणण्याची सोय व्हावी म्हणून २०२३ सालच्या नवरात्रात मी कर्ज काढून एक मोटार घेतली. जन्मात घेतलेले हे पहिले वाहन. संध्याकाळी, दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली, हार घालून आणि पेढे वाटून ती आमच्या हवाली करण्यात आली.

महाराष्ट्रात जिला आपण खंडेनवमी म्हणतो, तो दिवस कर्नाटकात आयुधपूजेचा असतो. त्या सकाळी रस्तोरस्ती वाहने धुतली जातात, त्यांना झेंडूच्या माळा घालतात, चाकांखाली लिंबे ठेवतात आणि कुंकू भरलेला कोहळा फोडतात. मोटार घेतल्याचा तो तिसरा दिवस होता. भाच्याने गाडी धुतली आणि कोवळ्या उन्हात तो एकाएकी थांबला.

“मामा, हे मागचं दार जरा इकडून बघा.”

तिरप्या उन्हात त्या दाराचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित निराळा दिसत होता. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत होता आणि दाराच्या कडेच्या काळ्या रबरावर रंगाचे सूक्ष्म शिंतोडे उडालेले होते. ओळखीच्या एका रंगाऱ्याने जाडी मोजण्याचे छोटे यंत्र लावून पाहिले. कारखान्यातील रंगाचे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून थोडे अधिक भरतात. या दारावर ते त्याच्या तिप्पट भरले. खाली पुट्टी होती. याचा अर्थ स्पष्ट होता. गाडी आमच्या हाती येण्यापूर्वीच ते दार कोठेतरी घासले होते, ठोकून सरळ केले होते आणि पुन्हा रंगवले होते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कारखान्यात मोटारीचा नुसता सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवतात आणि भट्टीत सुमारे १४० अंश उष्णतेवर भाजतात. गाडी पूर्ण जोडल्यानंतर आत रबर, प्लास्टिक आणि तारा असतात. मग तेवढी आच देता येत नाही. दुरुस्तीच्या कामात साधारण ६० अंशांवरच रंग वाळवावा लागतो. म्हणून कारागीर कितीही कुशल असला तरी दुसरा रंग पहिल्यासारखा होत नाही. यात कारागिराची निंदा नाही. दोष दुसऱ्यांदा रंगवण्यात नव्हता. रंगवल्याचे न सांगण्यात होता.

सल्ले दोन मिळाले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, मूळचे बेळगावकडचे, म्हणाले, “अहो शास्त्रीबुवा, देहाचाही रंग टिकत नाही, तिथं पत्र्याचं काय घेऊन बसलात? तुम्हीच आम्हाला गीता सांगता ना? सोडून द्या.” भाच्याचा सल्ला नेमका उलट होता. “मामा, आत्ताच्या आत्ता दुकानाच्या दारात गाडी आडवी लावू. दहा गिऱ्हाईकं परत गेली की नवीन गाडी देतील.” खरे सांगायचे तर त्या घटकेला मला भाच्याचा सल्ला आवडला होता, आणि वृद्धांचा सल्ला ऐकून मी मान डोलावली होती ती केवळ लाजेने.

त्या दिवशी पूजा झाली. परंतु माझे चित्त पूजेत नव्हते, दारावर होते. आईने विचारले, “गाडी चालते ना नीट?” चालत होती. तरीही दिवसातून चार वेळा मी खाली जाऊन तो पत्रा पाहून येत होतो. विषयाचे चिंतन करता करता संग जडतो, संगातून काम आणि कामातून क्रोध उपजतो, असा जो क्रम गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितला आहे, तो मी अनेकांना समजावून दिला होता. आता तो माझ्यावरच पायरीपायरीने घडत होता.

अनुवादकाला एका शब्दाची अडचण नेहमी येते. तो शब्द म्हणजे ‘राग’. संस्कृतात ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे. त्यापासून झालेल्या ‘राग’ शब्दाचा पहिला अर्थ रंग, आणि दुसरा आसक्ती, कारण आसक्तीने मन वस्तूच्या रंगात रंगून जाते. मराठीत मात्र ‘राग’ म्हणजे क्रोध. म्हणून गीतेतील ‘राग’ मराठीत तसाच ठेवला तर वाचक फसतो. हे तीन अर्थ मी आजवर वेगवेगळे काढून दाखवीत आलो. पण त्या दारापाशी ते तिन्ही एकत्र उभे होते. रंग बिघडला होता, त्या रंगात मन गुंतले होते आणि गुंतलेले मन क्रोधाने पेटले होते.

तर मग सोडून देणे हाच धर्म काय? आपल्या स्मृतिकारांनी तसे सांगितलेले नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कोणता माल विकू नये याची मोजणी आहे. भेसळीचा विकू नये, निकृष्ट विकू नये, वजनात कमी असलेला विकू नये, आणि झाकलेला विकू नये. ‘झाकलेला’ म्हणजे काय, हे सांगताना टीकाकार कुल्लूकभट्ट जो अर्थ देतात, तो असा की रंग वगैरेंनी ज्याचे मूळ रूप दडवले आहे असा. तेथेही शब्द ‘राग’ हाच आहे. याज्ञवल्क्यस्मृती दोषयुक्त वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या दुप्पट दंड सांगते. शिवाय घेणाऱ्याला परीक्षेसाठी मुदत देते. बियाण्याला दहा दिवस, रत्नांना सात, आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांना पाच. वाहन तपासून घेणे हा लोभ नव्हे, ती व्यवहाराची शिस्त आहे, हे त्या काळीही मान्य होते. आजचा कायदाही याहून निराळे बोलत नाही. २०२० सालापासून अमलात असलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे हा अनुचित व्यापार मानतो आणि ग्राहकाला तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत देतो.

याच विषयाचा एक खटला अमेरिकेत फार गाजला. अलाबामा राज्यातील डॉ. आयरा गोर यांनी जानेवारी १९९० मध्ये सुमारे ४० हजार डॉलर देऊन नवी बीएमडब्ल्यू मोटार घेतली. नऊ महिन्यांनी चकाकी देण्यासाठी ती एका कारागिराकडे नेली, तेव्हा त्याने ओळखले की ही पुन्हा रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना आम्लयुक्त पावसाने रंग खराब झाला होता, असे दिसते. कंपनीच्या अमेरिकेतील शाखेचा १९८३ पासूनचा नियम असा होता की दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांहून अधिक नसेल, तर गाडी नवी म्हणूनच विकावी आणि विक्रेत्यालाही ते कळवू नये. या गाडीवर सुमारे ६०० डॉलर, म्हणजे दीड टक्का खर्च झाला होता. पंचांनी नुकसान ४ हजार डॉलरचे ठरवले आणि शिक्षा म्हणून ४० लाख डॉलरचा दंड ठोठावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निम्मा केला. १९९६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही बेसुमार ठरवला, आणि अखेर १९९७ मध्ये अलाबामाच्या न्यायालयाने तो ५० हजारांवर आणला.

या खटल्यात दोन चुका समोरासमोर दिसतात. एक विकणाऱ्याची. त्याने सत्याचे टक्के पाडले, आणि तीन टक्क्यांपर्यंतचे असत्य हे असत्यच नव्हे असे ठरवून टाकले. धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ तरी याहून मोठे कोठे होते? उच्चारलेला शब्द खरा, दडवलेला हेतू खोटा. आणि पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ तेवढ्याने खाली आला. दुसरी चूक क्रोधाची. अन्याय खरा असला म्हणून त्यावरील प्रत्येक शिक्षा न्याय्य ठरत नाही. न्याय मागणाऱ्याच्या हातातही तराजूच असला पाहिजे.

म्हणून मी तीन दिवस काही केले नाही. मन निवू दिले. नंतर विक्रेत्याला पत्र लिहिले. वाणीच्या तपाची जी लक्षणे गीतेच्या सतराव्या अध्यायात आहेत, ती कसोटीला घेतली. बोलणे उद्वेग न देणारे असावे, खरे असावे, गोड असावे आणि हिताचे असावे. पहिला मसुदा खरा होता, पण बाकीच्या तीन कसोट्यांना उतरला नाही, तो फाडला. दुसऱ्यात काय दिसले, कोणत्या दिवशी दिसले, यंत्राने काय दाखवले, आणि मला काय हवे आहे, एवढेच लिहिले. मला हवे होते ते सत्याचे लेखी उत्तर आणि त्यानुसार किमतीत न्याय्य सूट.

व्यवस्थापकांनी बोलावून घेतले. गोदामात गाडी मागेपुढे करताना एका पोराकडून ती खांबाला घासली, असे त्यांनी कबूल केले. “त्याच्या पगारातून कापतो आणि तुमचे पैसे देतो,” असे ते म्हणाले. ते ऐकून मी सावध झालो. गाडी घासली ही त्या पोराची चूक. ती कोणाच्याही हातून व्हावी अशी होती, आणि त्याने ती लपवलीही नसेल. रंगाखाली झाकून नवी म्हणून विकण्याचा निर्णय त्याचा नव्हता. मी म्हटले, “त्याच्या पगारातून एक पैसाही कापणार असाल तर मला सूट नको.” थोड्या बोलाचालीनंतर त्यांनी दुकानाच्या खात्यातून काही रक्कम परत केली आणि मागचे दार विक्रीपूर्वी दुरुस्त करून रंगवले होते, असे शिक्क्यासह लिहून दिले.

येथे कथा संपावी, पण खरी परीक्षा पुढेच होती. तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवताना भाचा हळूच म्हणाला, “मामा, हा वेगळा ठेवा. पुढे गाडी विकताना कुणी पाहिला तर किंमत पडेल.” आणि वाचकहो, माझा हात क्षणभर थांबला. ज्या मौनाविरुद्ध मी न्याय मागितला होता, तेच मौन आता माझ्या लाभाचे होते. तेव्हा कळले की तक्रार करताना मनात सत्याची चाड होती की केवळ स्वतःच्या पैशाची, याचा निर्णय तक्रारीच्या वेळी होत नाही. आपण विकणारे होतो तेव्हा होतो. मी भाच्याला म्हटले, “हा कागद गाडीसोबतच जाईल. नाहीतर मग त्या दुकानदारात आणि माझ्यात फरक काय राहिला?” त्याने तो मुकाट्याने इतर कागदांत लावला.

पुढे चार महिन्यांनी इमारतीतील एका लहान मुलाची सायकल गाडीला लागली आणि पुढच्या दारावर हातभर ओरखडा उमटला. मूल रडत घरी आले आणि स्वतःहून सांगून गेले. तो ओरखडा आजही आहे. तो मी रंगवला नाही आणि त्याच्याकडे पाहून मनही तापत नाही. त्यात लपवणे नव्हते, म्हणून मागण्यासारखेही काही नव्हते.

तात्पर्य, गृहस्थाने बोलावे की सोडावे, याचे उत्तर नुकसानाच्या आकारावर नाही. वापरात वस्तू झिजते, घासते, डागाळते; ते सोडून द्यावे, कारण तो वस्तूचा स्वभाव आहे. व्यवहारात असत्य शिरले तर शांतपणे, मोजून, आणि दुर्बळावर भार न टाकता बोलावे, कारण वाणिज्य हेही स्वकर्म आहे, त्यानेही ईश्वराचीच पूजा व्हायची आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी शुद्ध राहावी लागते. बोलून झाल्यावर मात्र तीच कसोटी स्वतःला लावावी. रंगाखाली काय आहे हे दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार, स्वतःचा रंग खरवडून दाखवण्याची तयारी असणाऱ्यालाच शोभतो.